लिनक्सचे व्हर्च्युअल मशीन बसवण्याआधीची तयारी

व्हर्च्युअल मशीन म्हणजे विंडोजच्या आत चालणारा दुसरा संगणक; त्यात लिनक्स ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम बसवता येते. त्यासाठी प्रोसेसरची ‘व्हर्च्युअलायझेशन’ ही सोय चालू लागते, आणि ती बायोसमधून, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमधून, चालू करतात. बायोसमध्ये शिरण्याआधी टास्क मॅनेजर उघडा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा. तिथे ‘व्हर्च्युअलायझेशन’समोर ‘एनेबल्ड’ असेल तर बायोसला हात लावायचे कारणच नाही, थेट डाउनलोडकडे वळा. ‘डिसेबल्ड’ असेल तरी घाबरू नका. इंटेलने २००५ मध्ये व्हीटी-एक्स आणि एएमडीने २००६ मध्ये एएमडी-व्ही या नावाने ती आणली, त्यामुळे बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्येही ही सोय असते, फक्त बंद ठेवलेली असते.

लातूर, नांदेड, परभणीकडे बीसीएस-बीसीएच्या कित्येक पोरांच्या घरी लॅपटॉप एकच असतो. त्यावरच बहिणीचा सीईटीचा फॉर्म भरायचा आणि वडिलांचा पीक विम्याचा अर्जही. अशा मशीनवर ड्युअल बूट, म्हणजे डिस्कचे भाग (पार्टिशन) पाडून विंडोजशेजारी लिनक्स, करू नका, असे मी ठामपणे सांगेन. पार्टिशन करताना चूक झाली तर घरातल्या सगळ्यांचाच डेटा जातो. व्हर्च्युअल मशीन म्हणजे विंडोजवरच्या काही फाइली. बिघडले तर पुसा आणि नव्याने बसवा.

सगळ्यात महत्त्वाचे काम रिकव्हरी की काढून ठेवण्याचे, आणि नेमके तेच लोक सोडून देतात. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, आपल्याला न कळता चालू असू शकते, विंडोज होम असले तरी. बायोसमधली सेटिंग बदलली की विंडोज सुरू होताना कधीकधी ४८ अंकी की मागते, आणि ती नसेल तर स्वतःच्याच फाइली उघडत नाहीत. म्हणून आधी मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून की शोधा आणि वहीत लिहून घ्या. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून उपयोग नाही. खाते दुकानदाराने किंवा दादाने उघडून दिले असेल तर त्याचा पासवर्ड आजच विचारून ठेवा. शिवाय गरजेच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्याच.

सेकंडहँड लॅपटॉप घेणार असाल तर पैसे देण्याआधी दुकानातच बायोस उघडायला लावा. कंपन्यांतून आलेल्या मशीनला पूर्वीचा बायोस पासवर्ड राहिलेला असू शकतो, आणि तो घरी बसून सहज निघत नाही.

डाउनलोडचा हिशोब नेटपॅक बघून करा. लिनक्सचे प्रकार बरेच; त्यातल्या उबुंटू डेस्कटॉपची फाइल सुमारे ६ जीबी, लिनक्स मिंट एक्सएफसीई सुमारे ३ जीबी. रोजच्या दोन जीबीत दोन्ही बसत नाहीत, म्हणून मित्राकडून किंवा कॉलेजच्या लॅबमधून आणणे बरे. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जाणार नाही; आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण गरजेच्या फाइली ठेवलेला पेनड्राइव्ह नव्हे, दुसरा रिकामा. आणलेल्या फाइलचा शा-२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी आहे का हे दाखवणारा लांब कोड) उबुंटू किंवा मिंटच्या अधिकृत साइटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. कमांड प्रॉम्प्टमधल्या सर्टयुटिलने तो निघतो.

लाईटचा भरवसा नसेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करूनच बसा. डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टर हवाच, कारण इन्स्टॉल अर्ध्यात असताना लाईट गेली तर बहुतेक सगळे पहिल्यापासून करावे लागते. एप्रिल-मे मध्ये दुपारी हे काम नको. तापलेला प्रोसेसर वेग कमी करतो. पहाटे उरका.

आता बायोस. मशीन सुरू होताना डेलवर एफ२, एचपीवर एफ१० दाबून पाहा. जमले नाही तर विंडोजच्या रिकव्हरीतून ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’मध्ये जाता येते. इंटेलवर ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’, एएमडीवर ‘एसव्हीएम मोड’ शोधा. बदलण्याआधी मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढा, ती एकच ओळ बदला, सेव्ह करा आणि मशीन पूर्ण बंद करून चालू करा. त्याच बैठकीत बायोस अपडेट करायला जाऊ नका. अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्डच जाऊ शकतो.

मग व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारे सॉफ्टवेअर. ८ जीबी रॅम असेल तर लिनक्सला ४ द्या. ४ च असेल तर २ द्या आणि मिंट एक्सएफसीईसारखे हलके लिनक्स निवडा. डिस्कवर २५ जीबी मोकळी ठेवा. खालच्या पट्टीत हिरवे कासव दिसले तर विंडोजचे स्वतःचे व्हर्च्युअल मशीनचे सॉफ्टवेअर, हायपर-व्ही, आधीच प्रोसेसर धरून बसले आहे असे समजा. त्यासाठी ‘मेमरी इंटेग्रिटी’ बंद करण्याचा सल्ला मिळेल, पण ती सुरक्षेची सोय आहे. काम थोड्या कमी वेगाने होत असेल तर ती चालूच ठेवा. लिनक्स नीट उघडले की लगेच एक स्नॅपशॉट, म्हणजे परत जाता येईल अशी मशीनची जपून ठेवलेली स्थिती, घ्या, आणि मगच प्रॅक्टिकलच्या कमांड चालवायला घ्या.