शिलाई मशीनवर बॉबीन नीट कशी भरायची, आणि वायंडर कुरकुरला तर काय बघायचं

टीप वरून एकदम झकास दिसतीय आणि कापड उलटं केलं की खाली नुसते दोऱ्याचे फास, असं झालं की आपण काय करतो, आधी वरच्या धाग्याचं टेन्शन, म्हणजे ताण, पिळतो, मग सुई बदलतो, मग मिस्त्रीला फोन लावतो. मी बेळगावच्या शहापुरात गेली वीस वर्षं ब्लाऊज शिवतेय, पोरींना शिकवते पण, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की हे सगळं करायच्या आधी बॉबीन, म्हणजे खालच्या धाग्याची छोटी चकरी, काढा आणि उजेडात धरून बघा. निम्म्याहून जास्त वेळा दोष तिथंच सापडतो, भरतानाच झालेला.

मागच्या पावसाळ्यात खानापूरकडची एक पोरगी आली. "ताई, खाली नुसता गुंता होउलालाय बघा की, मशीनच बदलावं म्हणतोय घरात." मी बॉबीन बघितली तर भोवऱ्यासारखी, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला रिकामी. अंगठ्यानं दाबली तर धागा स्पंजासारखा आत गेला. विचारलं तर म्हणाली वायंडर, म्हणजे बॉबीन भरायचा मशीनवरचा भाग, चालत नाही म्हणून हातानंच गुंडाळते. मशीनला काहीच झालं नव्हतं, वायंडरचं रबर तेवढं झिजलं होतं.

हातानं गुंडाळलेली बॉबीन का चालत नाही ते आधी सांगते, कारण ते कळलं की पुढचं आपोआप कळतंय. आपल्या मशीनची टीप दोन धाग्यांची असते. वरचा धागा सुईतनं खाली जातो, खालच्या धाग्याला वळसा घालतो आणि दोघं कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात. अमेरिकेत एलियास हॉवनं १८४६ साली ह्याच टिपेच्या मशीनचं पेटंट घेतलं, आणि तेव्हापासून खालचा धागा वेगळा भरून ठेवायचं काम शिवणाऱ्याच्या मागं आहे ते आहेच. आता ही अडक बरोबर मधोमध बसायची तर दोन्ही धाग्यांची ओढ सारखी पाहिजे. बॉबीन एका जागी घट्ट आणि एका जागी सैल असली तर खालची ओढ सारखी बदलत राहते, मग वरचं टेन्शन कितीही फिरवा, दोन वीत टीप चांगली आणि तिसऱ्या वितीत परत फास.

आमच्या शहापूर-वडगावात विणकरांची घरं पुष्कळ, आता पॉवरलूमच जास्त आहेत. तिथं म्हाताऱ्या बायका रहाटावर कांडी, म्हणजे मागाच्या धाग्याची नळी, भरताना मी लहानपणी तासन्‌तास बघितल्यात, एका हातानं चाक फिरवायचं आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत धागा धरून तो कांडीवर पुढं-मागं सारखा न्यायचा. चिमूट सैल पडली की कांडी बिघडली, आणि तशी कांडी धोट्यात घातली तर धागा तुटलाच म्हणून समजा. वायंडर हे तेच काम करतो, चाकाच्या जागी रबराची रिंग आणि चिमटीच्या जागी दोन चकत्या.

तर आता मशीनकडं बघूया. आपल्याकडच्या काळ्या पायमशीन, कुठल्याही नावाच्या असूदेत, पुष्कळशा सिंगर कंपनीच्या १५ नंबरच्या जुन्या मॉडेलवर बेतलेल्या आहेत त्यामुळं वायंडर सगळ्यांचा साधारण सारखाच. उजवीकडं जे मोठं हातानं फिरवायचं चाक आहे त्याच्याजवळ मागच्या अंगाला एक छोटी दांडी दिसेल, तिच्यावर बॉबीन बसते. दांडीलाच रबराची रिंग चढवलेलं लहान चाक असतंय, आणि एक छोटा खटका, जो बॉबीन भरली की आपोआप सुटतो. दुसरा भाग खाली, मशीनच्या पाटावर उजव्या कोपऱ्यात, छोट्या स्टँडवर दोन गोल चकत्या आणि मधी स्प्रिंग. खूप जणींना ह्या चकत्या कशाला आहेत तेच माहीत नसतंय, धागा सरळ रिळावरनं बॉबीनवर नेतात. वायंडर असून बॉबीन सैल भरते त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

भरायच्या आधी बॉबीन पूर्ण रिकामी करा. उरलेल्या निळ्या धाग्यावरच लाल भरायची सवय असेल तर ती सोडा, खालचा थर वरच्या थराला उचलून धरतो, शिवाय जुन्या धाग्याचं टोक मधी कुठंतरी अडकतं. लोखंडी बॉबीन असेल तर कडेवरनं नख फिरवून बघा. बेळगाव-खानापूर भागातल्या पावसात चार महिने डब्यात पडलेल्या बॉबीनला गंज धरतोच, कड खरखरीत लागली की ती टाकून द्या, माया करू नका. मापाचंही बघा, ह्या मशीनची बॉबीन साधारण २० मिलिमीटर व्यासाची आणि पावणेबारा मिलिमीटर रुंद असते. कारखान्यातल्या मशीनची बॉबीन व्यासाला जवळपास तेवढीच दिसते पण रुंदीला कमी, ती ह्यात घातली तर आत खडखडत राहते.

मग मोठ्या चाकाच्या मधोमध जो गोल बोल्ट आहे तो ढिला करायचा. डाव्या हातानं चाक घट्ट धरायचं आणि उजव्या हातानं बोल्ट आपल्या अंगाकडं फिरवायचा. आता पायडल मारून बघा, चाक फिरलं पाहिजे आणि सुई जाग्यावर थांबली पाहिजे. सुई हलत असताना बॉबीन भरली तर उगीच सगळं मशीन पळतं, कापड सरकवणाऱ्या रिकाम्या दात्यांवर कापड दाबून धरणारी दाबपट्टी घासते आणि आत धागा असला तर तो शटलमध्ये, म्हणजे खाली बॉबीन बसते त्या भागात, जाऊन बसतो. बोल्ट ढिला करूनही सुई हलतच असेल तर आतली वॉशर उलटी बसली असणार. बोल्टवर एक बारीक स्क्रू असतो, तो सैल केला की बोल्ट पूर्ण बाहेर येतो, आत कान असलेली पातळ वॉशर दिसेल, ती अर्धा वळसा फिरवून परत बसवायची. एवढ्या कामासाठी मिस्त्री बोलवायची गरज नाही खरंच.

रीळ वरच्या खिळ्यावर ठेवा, धागा खाली आणा आणि त्या दोन चकत्यांच्या मधनं खालून घ्या. चकत्यांत धागा खरंच बसला का ते ओढून बघा, थोडी अडकल्यासारखी ओढ लागली पाहिजे. तिथं कापसाचं बारीक जाळं अडकलेलं असतंय, एक जुना धागा घेऊन दात साफ करतो तसा चकत्यांच्या मधनं दोनदा ओढून घ्या. मग धाग्याचं टोक बॉबीनच्या डाव्या बाजूच्या भोकातनं आतनं बाहेर काढा आणि बॉबीन दांडीवर चढवा. दांडीच्या खांद्याजवळ एक टाचणीच्या डोक्याएवढा खिळा असतो, तो बॉबीनच्या उजव्या बाजूच्या भोकात बसला पाहिजे. बॉबीन हळूच फिरवत आत दाबली की टक्‌ करून बसते, ते हाताला कळतंय. हा खिळा बसला नाही तर दांडी फिरते आणि बॉबीन मधेच घसरत राहते.

आता वायंडर खाली दाबा, खटका पडेपर्यंत. रबर मोठ्या चाकाला टेकलं असेल. धाग्याचं टोक डाव्या हातात वर धरून ठेवा आणि पायडल हळू सुरू करा. दहा-बारा वेढे बसले की थांबून ते टोक बॉबीनच्या कडेलगत कापून टाका, शेपूट ठेवू नका, पुढं शिवताना तेच शेपूट केसमध्ये, म्हणजे बॉबीन बसते त्या लोखंडी डबीत, अडकतं. त्यानंतर एकाच लयीत चालवा. घाई असते, गिऱ्हाईक दारात उभं असतं, मला सगळं माहीत आहे, पण जोरात पळवायचं नाही. पॉलिएस्टरचा धागा वेगात आणि जास्त ओढीनं भरला तर तो ताणूनच बॉबीनवर बसतो, आणि शिवून झाल्यावर परत आखडतो, मग टिपेच्या कडेनं कापडाला सुरकुत्या. खणाच्या ब्लाऊजला ते लगेच दिसून येतंय. गुळेदगुड्डचा खण आणि खाली सुती अस्तर अशी जोडी असली की मी मुद्दाम बॉबीन सावकाश भरते.

भरताना कानही तिकडं द्या. वायंडर नीट चालला की एकसारखी घरघर येते. मधेच किंचाळल्यासारखा आवाज आला तर रबर घसरतंय.

बॉबीन काठोकाठ भरायची नाही, साधारण ऐंशी टक्के, कड थोडी रिकामी दिसली पाहिजे. तेवढी भरली की खटका आपोआप सुटतो आणि रबर चाकापासनं बाजूला होतं. मग बॉबीन काढा, धागा कापा आणि मधला बोल्ट परत घट्ट करा, नाहीतर पायडल मारत बसाल आणि सुई ढिम्म हलणार नाही. नव्या पोरींचं निम्मं घाबरणं ह्या बोल्टमुळंच असतंय.

आता बिघाडाचं.

भोवऱ्यासारखी बॉबीन भरत असेल तर चकत्यांचा स्टँड जागेवर नाही. स्टँडखालचा स्क्रू थोडा सैल करा, धागा बॉबीनच्या उजव्या बाजूला साठत असेल तर स्टँड किंचित डावीकडं सरकवा, डाव्या बाजूला साठत असेल तर उजवीकडं, आणि स्क्रू आवळा. किंचित म्हणजे खरंच किंचित, तांदळाच्या दाण्याएवढं. परत थोडं भरून बघा, दोन-तीनदा करावं लागतं. तोपर्यंत बोटानं धागा ढकलून चालवतात बऱ्याच जणी, मीही सुरवातीला करायची, पण बोटाची ओढ प्रत्येक वेळी वेगळी पडते.

रबर घसरत असेल तर आधी तेल बघा. मशीनला तेल घालताना एखादा थेंब रबरावर किंवा चाकाच्या कडेवर जातोच. कोरड्या फडक्यानं दोन्ही पुसा, थोडं साबणाचं पाणी लावून पुसलं तरी चालेल, पण पूर्ण वाळल्याशिवाय चालवू नका. तेल फक्त दांडीच्या भोकाशी, एकच थेंब. रबर चमकायला लागलं असेल, कडक झालं असेल किंवा त्यावर खाच पडली असेल तर नवीन रिंग घाला, मशीनच्या सामानाच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळते. जाताना जुनी रिंग बरोबर न्या, मापात फरक असतो. काढताना नखानं उचलली तरी निघते, नवीन चढवताना पिळ पडू देऊ नका.

रबर चांगलं असून चाकाला टेकतच नसेल तर वायंडर खटका पडेपर्यंत दाबून ठेवा, वायंडरच्या पट्टीवरचा ॲडजस्टचा स्क्रू सैल करा, रबर चाकाला नीट टेकेल असं वायंडर ढकला आणि तसंच धरून स्क्रू आवळा. फार दाबून बसवलंत तर रबर लवकर झिजेल आणि पायडल जड लागेल.

मोटर लावलेल्या मशीनला हे सगळं तसंच, फक्त पाय एकदम दाबायचा नाही. आणि ज्या पोरी गारमेंटमध्ये कामाला जातात त्यांच्या मशीनचा वायंडर वेगळा, तो टेबलावर असतो आणि चाकाऐवजी पट्ट्याला घासून फिरतो, शिवता शिवताच दुसरी बॉबीन भरून होते. नुसतीच बॉबीन भरायची असेल तर तिथं सुईतला धागा काढून ठेवा आणि दाबपट्टी वर उचला.

भरलेली बॉबीन बरोबर आहे का ते बघायची माझी पद्धत सांगते. आधी अंगठ्याच्या नखानं दाबायची, नख आत रुतलं नाही पाहिजे. मग केसमध्ये घालायची, धागा फटीतनं स्प्रिंगखाली ओढून घ्यायचा आणि केस त्या धाग्यावर लटकत सोडायची. आपोआप घसरत खाली आली तर सैल, हाताला हलका झटका दिल्यावर बोटभर उतरून थांबली तर बरोबर, झटक्यानं पण हलली नाही तर केसचा स्क्रू जास्त आवळलाय. हेच बॉबीन निम्मी झाल्यावर परत करून बघा. भरलेली असताना बरोबर आणि निम्म्यावर सैल, असं झालं तर केसच्या स्क्रूला हात लावू नका, बॉबीन भरण्यातच खोट आहे. हे मला माहीत नव्हतं तेव्हा एका मिस्त्रीनं माझ्याकडनं अख्खं शटल बदलून घेतलं होतं, आणि पुढच्या आठवड्यात परत तोच गुंता. पैसे गेले त्याचं वाईट वाटलं पण एका लग्नघरचे ब्लाऊज वेळेत गेले नाहीत त्याचं जास्त वाटलं.

माझ्याकडं शिकायला मराठी पोरी येतात तशा कन्नड बोलणाऱ्या पण येतात, त्या धाग्याला दारा म्हणतात, आम्ही दोरा म्हणतो, त्यामुळं अडत काहीच नाही. पहिल्या आठवड्यात मी कुणालाच कापडाला हात लावू देत नाही, नुसत्या बॉबीन भरायच्या, मोकळ्या करायच्या आणि परत भरायच्या. खानापूरच्या त्या पोरीनंही रिंग बदलून घेतल्यावर माझ्यासमोर सहा बॉबीन भरल्या, पहिल्या दोन भोवरा झाल्या, स्टँड सरकवल्यावर तिसरी सपाट आली. शाळा सुरू व्हायच्या तोंडावर युनिफॉर्मची गर्दी असते तेव्हा मी रात्रीच पांढऱ्या चार, निळ्या चार आणि खाकी दोन अशा भरून डब्यात ठेवते, डब्यात खडूचा तुकडा टाकते म्हणजे पावसाळी ओल खडू शोषून घेतो आणि सकाळी लाईट असो नसो, पायडलवर बसलं की सरळ शिवायलाच सुरवात.