जुन्या शिराझचा गाळ ग्लासात येऊ नये म्हणून

ऑस्ट्रेलियातल्या बरोसा व्हॅलीची १५-२० वर्षं जुनी शिराझ (रेड वाइन) उघडली की शेवटचे दोन ग्लास हमखास गढूळ आणि कडवट निघतात. वाइन बिघडलेली नसते, तळाचा गाळ ढवळलेला असतो.

१. आडवी ठेवलेली बाटली दोन दिवस आधी हळूच उभी करा. घाई असेल तर निदान २४ तास.

२. पिण्याआधी ती १६ ते १८ अंशांवर आणा. मुंबईच्या उकाड्यात त्यासाठी फ्रिजमध्ये ठेवावी लागते. तिथेही उभीच ठेवायची.

३. जुनं बूच नेहमीच्या मळसूत्री स्क्रूने भुसभुशीत होऊन तुटतं. बुचाच्या कडेने आत सरकणाऱ्या दोन पात्यांचा ओपनर असेल तर तोच वापरा. तुकडे पडलेच तर मलमलीतून गाळा. फडकं साध्या पाण्यात खळबळलेलं हवं, साबणाचा वास वाइन लगेच धरते.

४. मोबाइलचा टॉर्च बाटलीच्या मानेखाली लावा आणि काचेच्या जगमध्ये एका धारेत ओता. मध्ये बाटली सरळ केली की सगळं मुसळ केरात. खांद्यापाशी धुरासारखी काळी रेघ दिसली की थांबा. तळाशी ५०-६० मिली राहील, ती रश्शात घाला.

फिरकीच्या झाकणाची बाटली असली तरी गाळ धरतोच, तेव्हा बुचाचं सोडून हे सगळं तिलाही लागू.

जपायचं एवढंच: तरुण शिराझसारखी ही तासन्‌तास जगमध्ये उघडी ठेवू नका. ओतल्यावर लगेच एक घोट चाखा आणि तासाभरात संपवा, नाहीतर वास उडून जातो.