एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह: व्हायरल लोडचा आकडा आणि निरोध

नवरा-बायकोपैकी एकाचाच एचआयव्ही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून शरीरसंबंध बंद करायचे कारण नाही. निरोध कधीपर्यंत, हे व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, ठरवतो.

गोळ्या सुरू झाल्यावर एआरटी सेंटरमध्ये (एचआयव्हीच्या उपचारांचे केंद्र) हा लोड सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि पुढे वर्षातून एकदा तपासतात. ‘रिपोर्ट चांगला आहे’ एवढे ऐकून उठू नका, आकडा विचारा. १००० च्या आतला आकडाही (रक्ताच्या दर मिलिलिटरमागे) ‘चांगला’ धरला जातो. पण संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे ठामपणे सांगता येते ते २०० च्या आत. मधल्या पट्ट्यात धोका नगण्य असतो, तरी निरोध चालू ठेवून गोळ्या कुठे चुकतात ते शोधावे. सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) चांगला आहे म्हणून निरोध सोडणारे बरेच. त्या आकड्यावरून लागणीचे काहीच कळत नाही. पहिला रिपोर्ट हातात येईपर्यंत दर वेळी निरोध, आणि नंतरही सलग दुसऱ्या रिपोर्टची वाट पाहिलेली बरी.

लवकर उपचारांनी जोडीदाराची लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे २०११ मध्ये ज्या अभ्यासात दिसले, त्यात पुण्यातलीही जोडपी होती. पण ही किमया रोजच्या गोळीची. महिन्याला दोन गोळ्या चुकल्या की घेतलेल्या डोसचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या खाली आले. लग्नकार्याला गावी गेल्यावर डबी लपवण्यात डोस हमखास बुडतो; साध्या पुडीत मोजून वेगळ्या न्या. डोल्युटेग्राव्हिर हे एचआयव्हीचे औषध असलेली गोळी अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या मात्र जेवणासोबत तिच्याबरोबरच चालतात.

खोबरेल तेलामुळे निरोध फाटू शकतो; तेलाने रबर कमकुवत होते. पाण्याचे वंगण वापरा. टोक चिमटीत धरून हवा काढा, ताठरता असतानाच बुडाशी धरून बाहेर या. दोन निरोध एकावर एक नकोत, घासून फाटतात. वीर्य बाहेर सोडणे हा बचाव नव्हे.

फाटलाच आणि लोड जास्त किंवा माहीत नसेल, तर निगेटिव्ह जोडीदाराने ७२ तासांच्या आत, खरे तर त्याच दिवशी, एआरटी सेंटर किंवा सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठावी. तिथे लागण टाळण्यासाठी गोळ्या (पीईपी) देतात; हा कोर्स २८ दिवसांचा. घरातल्या डबीतल्या चार गोळ्या घेऊन भागत नाही; सोबत एचआयव्ही आणि कावीळ बी तपासावी लागते.

निगेटिव्ह जोडीदाराची तपासणी दर सहा महिन्यांनी आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्र) मोफत होते. जननेंद्रियावर फोड, स्राव, जळजळ असेल तर दोघांनी मिळून सुरक्षा क्लिनिकला (गुप्तरोगांचा सरकारी दवाखाना) जा. व्हायरल लोड कमी असला तरी गरमी-परमा होऊ शकतो. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना सांगा: लोड २०० च्या आत टिकला की दोन पाळ्यांच्या मधल्या सुपीक दिवसांत निरोधाविना संबंध ठेवता येतात.