कॅमेरा जोडण्याआधी: डिव्हाइस ट्रीतली दोन टोकं

बोर्डाचं स्कीमॅटिक, सेन्सरची डेटाशीट, एक कोरा कागद आणि दोन रंगांची पेनं जवळ घ्या. एडिटर इतक्यात उघडू नका. उदाहरण म्हणून सोनीचा आयएमएक्स२१९ घेऊ. रास्पबेरी पायच्या २०१६ सालच्या दुसऱ्या कॅमेरा मॉड्यूलमध्ये हाच ८ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे आणि लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर तयार आहे. म्हणजे आपल्याकडे काम उरतं ते एवढंच: कोण कुणाला जोडलंय हे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, नीट सांगणं. ते सांगायची जागा म्हणजे डिव्हाइस ट्री, बोर्डावरच्या भागांचं कर्नलसाठी लिहिलेलं वर्णन.

कागदावर सेन्सरचा चौकोन काढा. त्यातून निघणाऱ्या आय-टू-सीच्या (चिपांनी एकमेकींशी बोलायच्या साध्या बसच्या) दोन तारा एका रंगाने दाखवा. प्रोसेसर सेन्सरला हुकूम देतो तो यांच्यावरून. दुसऱ्या रंगाने सीएसआय-२ च्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या वेगवान डेटा जोडणीच्या, तारांच्या जोड्या काढा. चित्र बाहेर पडतं ते यांतून. आता अडचण डोळ्यांना दिसेल. डिव्हाइस ट्री हे नावाप्रमाणे झाड आहे, त्यातल्या प्रत्येक नोडला (एकेका भागाच्या नोंदीला) पालक एकच. सेन्सर आय-टू-सी कंट्रोलरच्या पोटात जातो, कारण हुकूम तिथून येतात. पण चित्राची तार दुसऱ्याच फांदीवरच्या सीएसआय रिसीव्हरकडे निघालेली असते आणि पालक-मूल या नात्यात ती बसत नाही. त्यासाठीच पोर्ट आणि एंडपॉइंट आहेत. पोर्ट म्हणजे चिपचं दार, एंडपॉइंट म्हणजे त्या दारातून गेलेल्या एका जोडणीचं आपल्याकडचं टोक, आणि ‘रिमोट-एंडपॉइंट’ हा गुणधर्म पलीकडचं टोक दाखवतो. तो दोन्ही बाजूंना लिहावा लागतो. सोयरीक जुळायला दोन्ही घरांचा होकार लागतो, तसंच. म्हणून कागदावरच्या प्रत्येक रंगीत रेघेच्या दोन्ही टोकांना आत्ताच नावं देऊन टाका. पुढे लेबल म्हणून तीच वापरायची.

मग एकेक आकडा त्या चौकोनाशेजारी उतरवा. आधी आय-टू-सीचा पत्ता. आयएमएक्स२१९ चा पत्ता हेक्स १० आहे. बऱ्याच डेटाशीटमध्ये लिहिण्या-वाचण्याचा बिट धरून ८ बिटांचा पत्ता छापलेला असतो, तो दुप्पट दिसतो. डिव्हाइस ट्रीला ७ बिटांचाच हवा. त्यानंतर क्लॉक, २४ मेगाहर्ट्झ, आणि तो मॉड्यूलवरच्या ऑसिलेटरमधून येतो की प्रोसेसरच्या पिनेतून, हेही. वीज तीन प्रकारची: अॅनालॉगला २.८, इनपुट-आउटपुटला १.८ आणि आतल्या लॉजिकला १.२ व्होल्ट. प्रत्येकीचा रेग्युलेटर कोणता ते स्कीमॅटिकवर बोट ठेवून शोधा. रीसेटच्या पिनेपाशी जरा थांबा. पिन खाली गेली की सेन्सर रीसेट होतो, म्हणून हात आपोआप ‘अॅक्टिव्ह लो’ लिहायला जातो. पण या सेन्सरचा ड्रायव्हर चालू करताना त्या पिनेला १ देतो, त्यामुळे इथे ‘अॅक्टिव्ह हाय’ लिहिलं तरच सेन्सर जागा होतो. तर्क चालवण्यापेक्षा त्या सेन्सरच्या बाइंडिंगमधलं, म्हणजे त्याचा नोड कसा लिहायचा हे सांगणाऱ्या कर्नलमधल्या फाइलीतलं, उदाहरण उघडून बघा.

सगळ्यात जास्त वेळ लेनवर, म्हणजे सीएसआय-२ च्या एकेका जोडीवर, घालवा, कारण इथली चूक काहीच बोलत नाही, नुसतं काळं चित्र देते. सेन्सरपासून किती जोड्या खरंच कनेक्टरपर्यंत आल्यात ते मोजा. रास्पबेरी पाय ४ च्या १५ पिनांच्या कनेक्टरवर डेटाच्या दोनच लेन आहेत, सेन्सरला चार येत असल्या तरी. त्यामुळे ‘डेटा-लेन्स’मध्ये १ आणि २, शून्य क्रमांक सहसा क्लॉक लेनचा असतो. बोर्ड आखणाऱ्याने सोयीसाठी जोड्यांची अदलाबदल केली असेल तर या यादीतला क्रम बदलतो. एखाद्या जोडीतली अधिक-उणे उलटी असेल तर ‘लेन-पोलॅरिटीज’ हवी, आणि तिच्यात पहिला आकडा क्लॉक लेनचा असतो. म्हणजे दोन डेटा लेनना तीन आकडे. हे विसरलं की सगळा क्रम एका घराने सरकतो.

‘लिंक-फ्रिक्वेन्सीज’ला ४५६ मेगाहर्ट्झ लिहायचं, तेही हर्ट्झमध्ये, सगळी शून्यं मोजून. आकडा कुठून आला ते एकदा हाताने करून बघा. घड्याळाच्या दोन्ही कडांवर बिट जातात, म्हणून प्रत्येक लेनवर सेकंदाला ९१२ मेगाबिट. दोन लेनचे १,८२४. एक पिक्सेल १० बिटांचा, म्हणून सेकंदाला १८.२४ कोटी पिक्सेल. ड्रायव्हरमधला पिक्सेल रेट हाच आहे. हा गुणधर्म ६४ बिटांचा असतो. डिव्हाइस ट्रीत साधा आकडा लिहिला की तो ३२ बिटांचा होतो, त्यामुळे आकड्याआधी ‘बिट्स ६४’ची खूण न चुकता घाला, नाहीतर आकडा बरोबर असूनही ड्रायव्हर नकार देईल.

आता एडिटर उघडा. कागदावरून उतरवायला फार तर अर्धा तास लागतो. ‘स्टेटस’ तिन्ही ठिकाणी ‘ओके’ आहे ना ते बघा: सेन्सर, आय-टू-सी कंट्रोलर आणि सीएसआय रिसीव्हर. चिपच्या मूळ फाइलमध्ये शेवटचे दोन बहुतेक वेळा बंदच ठेवलेले असतात. डीटीसीने, म्हणजे डिव्हाइस ट्रीच्या कंपायलरने, कंपाइल करताना इशारे दाबू नका. एका बाजूचा दुवा राहिला असेल तर जोडणी दुतर्फा नाही असं तो स्पष्ट सांगतो. कर्नलच्या सोर्स कोडमध्येच काम करत असाल तर फाइल बाइंडिंगशी ताडून बघणारा ‘डीटीबीएस-चेक’ही चालवा. रास्पबेरी पायवर एवढं लागत नाही: कॉन्फिग फाइलमध्ये ‘कॅमेरा-ऑटो-डिटेक्ट’ शून्य करून आयएमएक्स२१९ चा तयार ओव्हरले (मूळ झाडावर चढवायचा तुकडा) लावला की झालं. पण तो ओव्हरले एकदा वाचाच, यातलं जवळजवळ सगळं त्यात सापडेल.

बोर्ड सुरू झाल्यावर पहिल्यांदा प्रॉक फोल्डरमधली डिव्हाइस-ट्री बघा, म्हणजे कर्नलच्या हातात प्रत्यक्षात काय पडलंय ते. मी एकदा दोन दिवस फाइल बदलत बसलो होतो आणि बूटलोडर निवांतपणे दुसऱ्याच पार्टिशनवरची जुनी फाइल उचलत होता. त्यानंतर बसवरचे पत्ते तपासणारं आय-टू-सी-डिटेक्ट चालवा. १० च्या जागी ‘यूयू’ दिसलं तर तो पत्ता ड्रायव्हरने ताब्यात घेतलाय. तिथे नुसत्या रेघा असतील तर आधी वीज तपासा. रेग्युलेटर बंद असताना सेन्सर उत्तर देणार कसा? लॉगमध्ये चिप आयडी वाचता आला नाही असं आलं तर दोष वीज, क्लॉक, रीसेट किंवा पत्त्यात शोधा. एंडपॉइंटांना तेव्हा हात लावू नका, गाडी तिथवर पोचलेलीच नाही. लॉग अगदी शांत आहे आणि व्हिडिओ नोडही नाही, असं असेल तर डीबगएफएसमधली (कर्नलची आतली स्थिती दाखवणाऱ्या फोल्डरमधली) ‘व्ही४एल२-असिंक’खालची ‘पेंडिंग-असिंक-सबडिव्हाइसेस’ फाइल उघडा. रिसीव्हर पलीकडच्या टोकाची वाट बघत ताटकळलेला असतो आणि ते टोक आलेलं नसतं. सगळं जमलं की मीडिया-सीटीएल ही कमांड ही जोडणी बाण काढून दाखवते. ते चित्र तुमच्या कागदाशेजारी ठेवा.

इंटेलच्या मशीनवर काम असेल तर कागद तोच, फक्त लिहायची भाषा एसीपीआयची, म्हणजे फर्मवेअरने हार्डवेअरचं वर्णन टेबलांत देण्याच्या पद्धतीची. २०१४ च्या ५.१ आवृत्तीत ‘_डीएसडी’ आल्यावर तिथेही गुणधर्म लिहिता येऊ लागले आणि लिनक्स त्यातूनच पोर्ट-एंडपॉइंटचं तेच जाळं वाचतो. पलीकडचं टोक तिथे तीन तुकड्यांत सांगता येतं: डिव्हाइस, पोर्टचं नाव, एंडपॉइंटचं नाव. पोर्ट ज्या उपनोडांत असतात त्यांचा यूयूआयडी (लांबलचक ओळख क्रमांक) वेगळा आणि साध्या गुणधर्मांचा वेगळा; दोन्ही कॉपी करा, हाताने टाइप करू नका. वीज मात्र सहसा एसीपीआयच्या स्वतःच्या पद्धतींवर सोडलेली असते, त्यामुळे रेग्युलेटरांची यादी इथे बाद. आणि विकत घेतलेल्या लॅपटॉपची टेबलं आयएएसएल या एसीपीआयच्या कंपायलरने उलगडलीत तर हे जाळं सापडेलच असं नाही. इंटेलच्या आयपीयू३ (प्रोसेसरमधला कॅमेरा हाताळणारा भाग) वाल्या कित्येक मशीनवर सेन्सरची माहिती ‘एसएसडीबी’ नावाच्या एका बंद गाठोड्यात असते. ती वाचून कर्नलच्या आतच एंडपॉइंट उभे करणारा पूल लिनक्स ५.१२ मध्ये, २०२१ साली आला. तसलं मशीन समोर असेल तर टेबल लिहायला बसण्याआधी आपला सेन्सर त्या पुलाच्या यादीत आहे का ते बघा. नसेल तर काम टेबलात नाही, त्या यादीत एक ओळ वाढवण्याचं आहे.