चालू घडामोडींचा पूर आणि फीडचा बांध

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा. प्रत्येकाच्या फोनवर डझनभर टेलिग्राम ग्रुप, आणि एकच पीडीएफ आठ जणांनी पाठवलेली. मूळ प्रेस नोट मात्र कोणीच वाचलेली नसते. ती थेट आपल्याकडे यावी याची सोय १९९९ पासून आहे, तिचं नाव आरएसएस फीड, म्हणजे साइटवरच्या ताज्या नोंदींची आपोआप बदलत राहणारी यादी. ती वाचून दाखवणारं ॲप म्हणजे रीडर.

फीडली किंवा इनोरीडर या ऑनलाइन रीडरवर मोफत खातं उघडा आणि सुरुवातीला आठच स्रोत जोडा. रिझर्व्ह बँकेच्या प्रेस नोट आणि अधिसूचना यांचे फीड वेगवेगळे आहेत, दोन्ही घ्या. पीआयबीला (केंद्र सरकारच्या प्रसिद्धी कार्यालयाला) मात्र स्वतंत्र फोल्डर द्या, नाहीतर बाकीचं सगळं त्याखाली गाडलं जाईल. साइटवर फीडची नारिंगी खूण दिसली नाही तर पत्त्याच्या शेवटी स्लॅश देऊन ‘फीड’ हा शब्द इंग्रजीत टाइप करून बघा. साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या प्रणालीवर असेल तर बहुधा काम होतं. यूट्यूब चॅनेलचा पत्ता रीडरमध्ये चिकटवला की पुरतो.

नवखे फसतात ते पुढच्या गोष्टीत. फीड म्हणजे साठा नव्हे. वर्डप्रेसच्या फीडमध्ये मूळ सेटिंगनुसार शेवटच्या १० नोंदी असतात, यूट्यूबच्या फीडमध्ये १५ व्हिडिओ. थंडरबर्डसारखा रीडर तुमच्या लॅपटॉपवर चालतो. दिवाळीला गावी जाताना लॅपटॉप बंद करून ठेवलात आणि साइटवर रोज पाच नोंदी पडत असतील, तर दोन दिवसांपूर्वीचं सगळं फीडमधून गळून गेलेलं असतं. परतल्यावर ते रीडरमध्ये येतच नाही. ऑनलाइन रीडर त्याच्या सर्व्हरवरून फीड उचलत राहतो, म्हणून सलगपणा हवा असेल तर तोच बरा.

पीएचडीवाल्यांसाठी: पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीवर शोध घेतला की शोधपेटीखालच्या ‘क्रिएट आरएसएस’ने त्याच शोधाचा फीड बनतो. शोधशब्द ढिले ठेवलेत तर रोज शंभर निबंध अंगावर येतील. गूगल स्कॉलर फीड देत नाही, तिथे ईमेल अलर्टच लावावा लागतो. अर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या साइटचा फीड शनिवार-रविवारी रिकामा दिसला तर काही बिघडलेलं नसतं, त्या दिवशी नवे निबंध जाहीरच होत नाहीत.

न वाचलेल्यांचा आकडा पाचशेवर गेला की ‘मार्क ऑल ॲज रीड’ बिनधास्त दाबा. महिनाभर एकदाही न उघडलेला स्रोत काढून टाका. आणि जोडलेल्या स्रोतांच्या यादीची फाइल (तिला ओपीएमएल म्हणतात) रीडरमधून महिन्यातून एकदा उतरवून ठेवा. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झाला, तेव्हा ही फाइल ज्यांच्याकडे होती त्यांनी दुसऱ्या रीडरमध्ये ती चढवली आणि वाचन पुढे चालू ठेवलं.