गिट, मर्क्युरिअल, सबव्हर्जन: टर्मिनलमध्ये एका अर्थाला एकच रंग कसा ठेवावा

गिट, मर्क्युरिअल आणि सबव्हर्जन ही कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी साधनं; टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी. या साधनांत एकाच रंगाचे अर्थ जागोजागी बदलतात. गिट नुकतंच बसवलं असेल तर ‘गिट स्टेटस’मध्ये तांबडा रंग दोन गोष्टींना मिळतो: बदललेली पण स्टेज न केलेली (पुढच्या नोंदीसाठी न निवडलेली) फाइल, आणि गिटच्या नोंदीतच नसलेली नवी फाइल. ‘गिट डिफ’मध्ये तोच तांबडा म्हणजे काढून टाकलेली ओळ, आणि ‘गिट ब्रँच -ए’मध्ये रिमोटवरची (सर्व्हरवरच्या प्रतीतली) शाखा, म्हणजे कोडची समांतर धारा. मर्क्युरिअलमध्ये बदललेली फाइल निळी दिसते. सबव्हर्जन स्वतःहून रंग देतच नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचं स्टॉक-डिस्पॅचचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या टीमकडे जुना कोड सबव्हर्जनमध्ये आणि नवा गिटमध्ये असेल, तर एकाच दिवसात रंगांच्या वेगवेगळ्या भाषा वाचाव्या लागतात.

खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या रोमन अक्षरांत आणि आकड्यांत टाइप करा.

पायरी १: आधी कागदावर अर्थ ठरवा

आज्ञेनुसार रंग निवडत बसू नका, अर्थानुसार निवडा. ही वाटणी बहुतेकांना चालते: आलेलं किंवा कमिटला (नोंद पक्की करायला) तयार ते हिरवं, गेलेलं ते तांबडं, बदललेलं पण स्टेज न केलेलं पिवळं, नोंद नसलेलं मॅजेंटा. रिमोटची शाखा निळी, आपण उभे आहोत ती शाखा सायन. मर्ज (दोन शाखा एकत्र करणं) अडकला असेल तर तांबडा उलटा, म्हणजे तांबड्या पट्टीवर अक्षरं. याच्यापुढे सातवा-आठवा रंग वाढवू नका, लक्षात राहत नाही.

पायरी २: गिट

गिट कॉन्फिग --ग्लोबल कलर.यूआय ऑटो
गिट कॉन्फिग --ग्लोबल कलर.स्टेटस.अॅडेड "ग्रीन"
गिट कॉन्फिग --ग्लोबल कलर.स्टेटस.चेंज्ड "यलो"
गिट कॉन्फिग --ग्लोबल कलर.स्टेटस.अनट्रॅक्ड "मॅजेंटा"
गिट कॉन्फिग --ग्लोबल कलर.स्टेटस.अनमर्ज्ड "रेड रिव्हर्स"
गिट कॉन्फिग --ग्लोबल कलर.ब्रँच.करंट "सायन"
गिट कॉन्फिग --ग्लोबल कलर.ब्रँच.रिमोट "ब्लू"
गिट कॉन्फिग --ग्लोबल कलर.डेकोरेट.रिमोटब्रँच "ब्लू बोल्ड"
गिट कॉन्फिग --ग्लोबल कलर.डिफ.कमिट "बोल्ड"

डिफमधल्या जुन्या ओळीला तांबडा आणि नव्या ओळीला हिरवा हे मुळातच आहे, ते बदलायची गरज नाही. शेवटची ओळ एवढ्यासाठी की लॉगमधला कमिटचा हॅश (ओळखक्रमांक) मूळ पिवळा असतो, आणि आपण पिवळा दुसऱ्या कामाला लावलाय.

पहिली ओळ २०१३ च्या १.८.४ आवृत्तीपासून आपोआप लागू आहे. तरी ती लिहा, कारण जुन्या मशीनवर कुणी ‘ऑलवेज’ करून ठेवलेलं सापडतं. ‘ऑटो’ म्हणजे आउटपुट टर्मिनलवर जात असेल तरच रंग. ‘ऑलवेज’मध्ये ‘गिट डिफ’ फाइलमध्ये वळवला की रंगांचे एस्केप कोडही फाइलमध्ये उतरतात आणि तो पॅच (बदलांची फाइल) पुढे ‘गिट अप्लाय’ला लागत नाही. पॅच पाहणाऱ्याला वाटतं फाइलच खराब आहे. खरं कारण ही एक सेटिंग.

सेटिंगची किंमत (अवतरणातला मजकूर) लिहिताना पहिला रंग अक्षरांचा, दुसरा पार्श्वभूमीचा. नावांऐवजी ० ते २५५ आकडे किंवा # ने सुरू होणारा सहा अंकी कोडही चालतो, पण तो अवतरणात नसेल तर बॅशसारखं शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) # पुढचं सगळं टिप्पणी समजून सोडून देतं. मग गिटला फक्त सेटिंगचं नाव मिळतं, ते जुनी किंमत छापतं किंवा काहीच नाही, आणि बदल झालेला नसतो.

पायरी ३: मर्क्युरिअल

घरच्या डिरेक्टरीतल्या ‘.एचजीआरसी’ फाइलमध्ये [कलर] विभाग घाला:

स्टेटस.मॉडिफाइड = यलो
स्टेटस.अॅडेड = ग्रीन
स्टेटस.रिमूव्ह्ड = रेड
स्टेटस.अननोन = मॅजेंटा
रिझॉल्व्ह.अनरिझॉल्व्ह्ड = रेड इन्व्हर्स

गिटमधल्या किमती इथे जशाच्या तशा चिकटवू नका. गिटचा ‘रिव्हर्स’ इथे ‘इन्व्हर्स’, गिटचा ‘यूएल’ इथे ‘अंडरलाइन’, आणि पार्श्वभूमीसाठी ‘रेड_बॅकग्राउंड’ असं पूर्ण लिहावं लागतं. कोणत्या तुकड्याला कोणतं लेबल आहे ते ‘एचजी स्टेटस --कलर=डीबग’ दाखवतं.

पायरी ४: सबव्हर्जन

इथे कलरडिफ हे वेगळं साधन लागतं: ‘एसव्हीएन डिफ | कलरडिफ | लेस -आर’, त्यातला ‘आर’ मोठ्या लिपीतला. ‘.कलरडिफआरसी’मध्ये ‘न्यूटेक्स्ट=डार्कग्रीन’ आणि ‘ओल्डटेक्स्ट=डार्करेड’ द्या. नुसतं ‘ग्रीन’ लिहिलं तर कलरडिफ ठळक, उजळ हिरवा देतं आणि गिटशी जुळत नाही. ‘एसव्हीएन स्टेटस’ रंगवायच्या मागे लागू नका. पहिल्या रकान्यातली अक्षरं पुरेशी बोलतात.

पायरी ५: छटा टर्मिनलमध्ये ठरवा

वर सगळीकडे रंगांची नावंच वापरली, कारण ते पहिले १६ रंग टर्मिनलच्या पॅलेटमधून (रंगसंचातून) येतात. १६ ते २५५ आकडे मात्र पॅलेट बदललं तरी साधारण तेच राहतात. राजारामपुरीतल्या ऑफिसात खिडकीतून ऊन स्क्रीनवर येतं म्हणून पांढरी पार्श्वभूमी घेतली की पिवळा वाचता येत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर निळा बुडतो. दोन्ही पॅलेटमध्येच सुधारा: पिवळा गडद करा, निळा उजळ करा. तिन्ही साधनं आपोआप मागे येतात.

टीममध्ये कुणाला तांबडा-हिरवा वेगळा दिसत नसेल तर त्यांच्या टर्मिनलमध्ये तांबड्याच्या जागी नारिंगी (२१३, ९४, ०) आणि हिरव्याच्या जागी आकाशी (८६, १८०, २३३) बसवा. हे दोन्ही रंग मासाताका ओकाबे आणि केई इतो यांच्या रंगसंचातले आहेत. गिटमधलं काहीच बदलावं लागत नाही.

सोलराइज्ड हे तयार पॅलेट घेतलं असेल तर सावध. त्यात उजळ रंगांच्या बऱ्याच जागांवर राखाडी छटा आहेत, आणि काही टर्मिनल ठळक अक्षरांना उजळ रंग लावतात. परिणामी ठळक हिरवं शाखानाव राखाडी होतं. टर्मिनलमधली ‘ठळक अक्षरं उजळ रंगात’ ही सेटिंग बंद करा.

पायरी ६: तपासा

एका चाचणी रेपोत (गिटने नोंद ठेवलेल्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये) एक फाइल स्टेज करा, एक नुसती बदला, एक नवी टाका आणि ‘गिट स्टेटस’ पाहा: हिरवं, पिवळं, मॅजेंटा. मग ‘गिट डिफ | कॅट’ चालवा. इथे रंग दिसला तर कुठेतरी ‘ऑलवेज’ शिल्लक आहे. कुठे ते ‘गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन --गेट-रेजएक्स्प कलर’ फाइलच्या नावासकट सांगतं. रेपोतली सेटिंग ग्लोबलवर मात करते, त्यामुळे एकाच प्रकल्पात रंग वेगळे दिसले तर आधी तिथली ‘.गिट/कॉन्फिग’ उघडा.

रंगांऐवजी ‘[३२एम’ असा कचरा दिसत असेल तर शेलमध्ये ‘लेस’ नावाचं व्हेरिएबल कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं आणि त्यात मोठ्या लिपीतला ‘आर’ नसतो. गिट स्वतःचे पर्याय ते ठरवलेलंच नसेल तरच देतं. व्हेरिएबलमध्ये तो ‘आर’ वाढवा. आणि पेजर (आउटपुट पानापानाने दाखवणारं साधन) म्हणून डेल्टा लावलं असेल तर डिफच्या ओळींचे रंग त्याच्या ‘मायनस-स्टाइल’ व ‘प्लस-स्टाइल’मधून येतात, तिथेही तीच वाटणी लिहा.

प्रयोग फसला तर ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल --रिमूव्ह-सेक्शन कलर.स्टेटस’ दिलं की स्टेटसचे मूळ रंग परत येतात. ब्रँच, डेकोरेट आणि डिफसाठी हीच आज्ञा शेवटचं नाव बदलून चालवा.