भुताच्या मालिकेतून अभ्यास करून घेताय? मग या चुका टाळा

पुस्तक उघडलं की आठवी-नववीतल्या पोरांना जांभया येतात, आणि रात्री भुताची मालिका लागली की तीच पोरं पापणी लवू देत नाहीत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कुठल्याही घरात विचारा, आईबाप हेच सांगतील. ही एकाग्रता वाया घालवू नये असं मला मनापासून वाटतं. ऐकलेल्या गोष्टीचा पुरावा मागायची सवय लावायला भुताची मालिका फार उपयोगी पडते. पण घरोघरी त्याच त्या चुका होतात आणि दोन आठवड्यांत सगळं बंद पडतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भाग संपल्यावर “काय शिकलास?” असं विचारणं. उत्तर ठरलेलं: “काही नाही.” रहस्य उलगडलं की डोकं चालवायचं कारणच उरत नाही. मालिका थांबवायची ती रहस्याचं दार उघडण्याआधी. दोनच प्रश्न विचारा. आता काय होईल? आणि कशावरून? खरी मेहनत दुसऱ्या प्रश्नात आहे. “मला वाटतं” एवढ्यावर सोडू नका, पडद्यावर दिसलेलं किंवा ऐकू आलेलं काहीतरी सांगायला लावा. समजा, वाड्यातला म्हातारा नोकर म्हणतो, “मी माडीवर कधी गेलोच नाही.” आणि थोड्या वेळानं अंधारात तोच माडीच्या जिन्यावरची तुटकी पायरी बरोबर ओलांडतो. हे जिच्या नजरेतून सुटत नाही, ती मुलगी परीक्षेतल्या उताऱ्यात न सांगितलेलं कारणही शोधून काढते. अंदाज चुकला तर आणखी चांगलं. “आपण कुठला धागा सोडला?” म्हणून तेवढाच प्रसंग पुन्हा लावा.

मात्र दर पाच मिनिटांनी थांबवाल तर पोरं उठून जातील. एका भागात दोन-तीनदा पुरे, आणि रिमोट त्यांच्याच हातात द्या. वहीत निबंध लिहायला तर मुळीच लावू नका. फार तर एका ओळीत अंदाज लिहून घ्या, म्हणजे नंतर “मी हेच म्हटलं होतं” असं कुणाला म्हणता येणार नाही.

दुसरी चूक चिडवण्याची. “एवढा घोडा झाला आन् घाबरतो!” हे एकदा कानावर पडलं की मुलगा भीती लपवायला शिकतो, बाकी काही शिकत नाही. त्यापेक्षा त्याला नाडी मोजायला सांगा. मालिका सुरू व्हायच्या आधी १५ सेकंद ठोके मोजायचे, चारनं गुणायचे. घाबरवणारा प्रसंग झाला की पुन्हा, आणि दहा मिनिटांनी तिसऱ्यांदा. विज्ञानाच्या पुस्तकातलं, घाबरल्यावर ठोके वाढवणारं अ‍ॅड्रेनलिन तेव्हा त्याच्या मनगटात सापडतं, आणि आलेखासाठी आकडेही घरचेच मिळतात. मग तोच प्रसंग आवाज बंद करून बघा. भीती बरीच ओसरते. संगीत कुठे अचानक थांबलं, कॅमेरा पाठीमागून का आला, हे पोरं आपण होऊन सांगायला लागतात.

बोलीभाषेची मालिका “आपल्याला कळत नाही” म्हणून टाळू नका. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ मध्ये आली तेव्हा कोकणातली ती मालवणी आपल्याकडेही लोक आवडीनं ऐकत होते. प्रमाण मराठीत ‘मला’, मालवणीत ‘माका’, आपल्या अहिराणीत ‘माले’. अशी जोडी पोरांनाच शोधू द्या. घरात “काय करी ऱ्हायना?” म्हणणाऱ्या आणि शाळेत अहिराणी बोलायला लाजणाऱ्या मुलाला आपल्या बोलीलाही व्याकरण आहे हे उमगतं, त्याची मला फार किंमत वाटते.

आता जी चूक मला सर्वांत जास्त खटकते ती. मालिकेवर बोलायचं आणि गावातल्या भुतांवर मात्र गप्प राहायचं. रावेर-यावलकडे रात्रीची लाईट आली की मोटर लावायला केळीच्या बागेत जावं लागतं. तिथे चकवा लागल्याच्या, म्हणजे वाट चुकून तिथल्या तिथेच फिरत राहिल्याच्या गोष्टी प्रत्येकानं ऐकलेल्या असतात. “खोटं आहे” म्हणून त्या उडवून लावू नका, आजोबांचा अपमान होतो आणि मुलाचा प्रश्न तसाच राहतो. २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं होतं. सूर्य किंवा चंद्र दिसेनासा झाला की माणसं नकळत वळत गेली, काही तर आपल्याच वाटेवर परत आली. उंच केळीत रात्री लांबची खूण दिसत नाही, हे मुलांना लगेच पटतं.

डाकिणीचा, म्हणजे बाईला चेटकीण ठरवण्याचा विषय याहून गंभीर आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात या संशयापायी बायकांना मारहाण झालेली आहे. मालिकेत एखाद्या बाईला चेटकीण ठरवलं की थांबा आणि तेच विचारा: कशावरून? २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार अमुक माणूस करणी करतो, मंत्रानं गुरांचं दूध आटवतो असं ठरवून त्याला त्रास देणं गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे पोरांना माहीत असलंच पाहिजे.

वेळेचं म्हणाल तर, उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणात पडून, कानात इअरफोन घालून एकट्यानं बघणं बंद करा. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. संध्याकाळी, सगळ्यांसोबत, जेवणाच्या आधी बघा. ओटीटीवर ‘यू/ए १३+’, ‘यू/ए १६+’ आणि ‘ए’ अशा खुणा असतात, त्या आधी वाचा. धाकटी भावंडं त्याच खोलीत असतील तर त्यांच्या वयाचं बघा, मोठ्याच्या नाही. आणि मूल काही दिवस दिवा लावूनच झोपत असेल, एकटं मोरीकडे जात नसेल, तर मालिका तिथेच सोडा. तेच प्रश्न साध्या रहस्यकथेवरही विचारता येतात. मालिका सोडूनही झोप उडालेलीच राहिली तर डॉक्टरांना दाखवा, भगताकडे नेऊ नका.